उन्हाचा दोरा

पिंपरी कॅम्पातल्या कुलदीपच्या दुकानात त्या दिवशी काउंटरवर दोऱ्याचे दोन कोन उभे होते. दोन्ही काळे, दोन्ही जाड, दोन्ही सारखेच चकचकीत. योगिनीने एकाचा दोरा दोन्ही मुठींना गुंडाळून हिसका दिला. बोटावर वळ उमटवून तो तटकन तुटला. मग तिने दुसरा ओढला. तो जरासा ताणला, बोटं लालबुंद झाली, पण गडी काही तुटेना. झालं! निकाल लागला. तिची आई दोरा असाच घ्यायची, आजी असाच घ्यायची आणि लातूरच्या बाजारात कोणतीही शहाणी बाई आजही असाच घेते.

कुलदीप म्हणत होता, "ताई, कव्हर बाहेर ठेवायचं असेल ना, तर पहिलावाला घ्या. तो उन्हाचा दोरा आहे."

आता दुकानदार एखादी वस्तू आपणहून पुढे सरकवतो तेव्हा ती त्याची न खपलेली असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. योगिनी मनातल्या मनात हसली. "मला मजबूत पाहिजे," म्हणत तिने दुसऱ्या जातीचे कोन पिशवीत भरले आणि कोणाला तरी हरवून आल्यासारखी बाहेर पडली.

मोशीत अर्जुनरावांच्या गाळ्यात ती कव्हरं शिवायची. गाड्यांची, मोटारींची, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनची. नवरा गणराज लातूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, वाढलेला; आता महाळुंग्याच्या एका कंपनीत असेंब्ली लाईनवर, आणि कित्येक वर्षं कंत्राटावर. या पट्ट्यात माणसाला आधी नाव विचारतात, मग गाव विचारतात, आणि लगेच "कायम आहेस का?" असं विचारतात. तिसऱ्या प्रश्नाला गणराज इकडेतिकडे बघायचा. यंदा मात्र कायम करायच्या लोकांत त्याचं नाव गेलं होतं आणि यादी दसऱ्यानंतर लागणार होती. कायम झाला की वर्ष सरता सरता गेटवर अडवतील की काय, ही धास्ती संपणार होती. सासूबाई मंजुळाबाईंनी तेवढ्यासाठी तुळजापूरला नवस बोलून ठेवला होता.

आणि याच गणराजने, ज्याला साहेबासमोर नीट खोकताही येत नाही, परचेसच्या नीलिमा मॅडमना गाठून सांगितलं होतं की मॅडम, माझी बायको कव्हरं शिवते, एकदा बघा. कंपनीचे मोठे कॉम्प्रेसर परदेशी जायचे होते. तिकडच्या गिऱ्हाइकाने तारीख पुढे ढकलली, म्हणून ते मागच्या यार्डात उघड्यावर काढून ठेवले होते. त्यांची कव्हरं योगिनीने शिवून दिली. तिच्या स्वतःच्या नावावरचं कंपनीचं ते पहिलं काम. होळी झाली, उन्हाळा झाला, पावसाळा सरत आला, तरी गिऱ्हाइकाची तारीख काही ठरेना आणि कॉम्प्रेसर होते तिथेच उभे.

नवरात्र तोंडावर आलं होतं तेव्हा एके सकाळी अर्जुनराव काखेत कापडाचं बोचकं मारून गाळ्यात शिरले. म्हातारा मूळचा मोशीचा. शेतावर इमारती उभ्या राहिल्या तरी शर्यतीचा गाडा आणि बैलजोडी त्यांनी सोडली नव्हती. त्यांच्या गाड्यासाठी योगिनीने कंपनीच्याही आधी एक कव्हर शिवून दिलं होतं, नमुना म्हणून.

"सूनबाई, हे बघ काय झालं," त्यांनी कव्हर टेबलावर टाकलं.

"फाटलं? कापड तर चांगलं होतं, बाबा."

"कापडाला काय धाड भरलीय? कापड झ्याक हाय. शिवण गेली. म्या नुसतं बोट लावलं, तर सुतरफेणी झाली तिची."

योगिनीने शिवणीवर नख फिरवलं. दोरा भुकटीसारखा सुटून आला. पलीकडची, सावलीतली शिवण मात्र जशीच्या तशी होती. तिने ती ओढली, पुन्हा ओढली, तुटेना.

"आमी आपलं अडाणी," अर्जुनराव मिशीत हसत म्हणाले. "पर ऊन खाऊन मेलाय बघ ह्यो दोरा. दुसरा घाल. मला घाई न्हाई."

त्यांना घाई नव्हती. योगिनीला मात्र होती, कारण हाच दोरा, याच कोनांचा, महाळुंग्याच्या यार्डात उभा होता.

ती तशीच बस पकडून पिंपरीला गेली. कुलदीपसमोर शिवणीचा तुकडा ठेवला. भल्या माणसाने "मी म्हटलं नव्हतं का" असं काही म्हटलं नाही. त्याने तुकडा बोटात चुरडला आणि म्हणाला, "नायलॉन आहे ताई. ताकदीला एक नंबर. बॅगा शिवा, सोफा शिवा, मरेपर्यंत सुटणार नाही. पण उन्हात कच्चा पडतो. उन्हाला पॉलिस्टर लागतो, तो पहिलावाला. हाताला कमी वाटतो, पण ऊन सोसतो. ओढून बघितलं तर नायलॉनच जिंकणार ना? दुकानात कुठे ऊन असतं!"

"तुम्ही जोर देऊन सांगायचं होतं हो," ती म्हणाली. म्हणाली आणि स्वतःचीच लाज वाटली. याहून जास्त जोर देऊन सांगितलं असतं तर तिचा संशय जास्तच पक्का झाला असता.

पॉलिस्टरचे कोन घेऊन ती परत आली आणि त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. मशीनवर बसली की वाटायचं, उठून मॅडमना फोन करावा. फोन हातात घेतला की वाटायचं, दसऱ्यापर्यंत थांबावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्या शब्दावर काम मिळालं त्याचीच बायको सांगत येणार की माझी कव्हरं कुचकामी आहेत, आणि तेही यादी लागायच्या तोंडावर? त्या यादीवर मॅडमची सही असते म्हणे. पण न सांगावं तर? परतीचा पाऊस अजून जायचा होता. दुपारी आभाळ भरून आलं की ती गाळ्याबाहेर येऊन चाकणकडे, कंपनीच्या दिशेला बघत उभी राहायची. एखादी शिवण उसवणार, पाणी आत शिरणार, कॉम्प्रेसर गंजणार, आणि मग चौकशीत पहिलं नाव कोणाचं? गणराजचं. सांगितलं तरी त्याचं नाव, नाही सांगितलं तरी त्याचंच.

तिने त्याला आडून आडून विचारून पाहिलं. "कव्हरं बरी आहेत का हो माझी?"

"चांगली आहेत की," तो म्हणाला आणि मोज्याचा जोड शोधायला लागला.

"शिवणी बिवणी?"

"चांगल्या आहेत म्हटलं ना." मोजा पायातच होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. तो चिडला म्हणजे त्याला काहीतरी कळलंय, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, यादीचं टेन्शन असेल. मग वाटलं, आपण आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात त्याची कंपनीची बस आली आणि तो गेला. असं रोज व्हायचं. घरात घट बसले, उपास सुरू झाले, आणि ती माळ घालताना फुलं सांडायला लागली, साबुदाणा भिजवायला विसरायला लागली.

"कामून गं अशी करायलीस?" मंजुळाबाई एकदा वैतागून म्हणाल्या. "चटके बसल्यावानी घरभर फिरायलीस. बस की जरा देवीपुढं."

"बसते," ती म्हणाली आणि गच्चीवर कपडे बघायला गेली. कपडे ती सकाळीच काढून घेऊन आली होती.

खंडेनवमीला या पट्ट्यातल्या कंपन्यांना वेगळीच कळा येते. यंत्रं धुऊन पुसून हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घालून उभी करतात, लाईन बंद ठेवतात, आणि त्या एका दिवशी कामगारांच्या घरच्यांना गेटच्या आत सोडतात. बायकामुलं नटूनथटून येतात, आपला माणूस वर्षभर ज्याच्यापुढे उभा असतो ते यंत्र बघतात, पुरीभाजी खातात, फोटो काढतात. गणराज दर वर्षी आग्रह करायचा. यंदा त्याने विषयच काढला नाही.

योगिनीने काढला, सासूबाईंचं निमित्त करून. "आत्यांना कंपनी दाखवायची राहिलीय. यंदा जाऊ."

"गर्दी असती फार," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी कोण राहतंय कोण जातंय," मंजुळाबाईंनी ठेवणीतलं वाक्य काढलं आणि प्रश्न मिटला. योगिनीने पर्समध्ये धागे कापायची छोटी कात्री टाकली. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. यार्डापर्यंत पोचायचं आणि शिवणींना हात लावून बघायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. शाबूत असतील तर दसऱ्यापर्यंत तोंड बंद ठेवायचं. नसतील तर काय, ते ठरलं नव्हतं.

कंपनीत सनई लावली होती. गणराजच्या लाईनवर सगळे जमले, नारळ फुटला, मंजुळाबाईंनी लेकाच्या मशीनला कुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. गणराज प्रसाद वाटायच्या गडबडीत होता. योगिनी सासूबाईंना शेजारणीजवळ बसवून "हात धुऊन येते" म्हणाली आणि मागच्या दाराने निघाली. फलकावर 'डिस्पॅच यार्ड' असं लिहिलं होतं. त्याखाली 'विनापरवाना प्रवेश नाही' असंही लिहिलं होतं. ते तिने वाचलं आणि आत गेली.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. कॉम्प्रेसर ओळीने उभे, तिची करडी कव्हरं घालून. ती दक्षिणेकडच्या बाजूला गेली, जिथे दिवसभर ऊन पडतं, आणि भीत भीत पहिल्या कव्हराच्या शिवणीवर नख टेकवलं. तिच्या मशीनचा टाका भुकटी होऊन बोटाला लागला. एवढे दिवस ज्याची भीती होती ते खरं निघालं. पण कव्हर उघडलं नाही.

कारण त्या मेलेल्या शिवणीवर दुसरी शिवण होती. हाताने घातलेली. लांब, जाड, वाकडे टाके, दाभणाने आरपार ओवलेले. पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं, मेले! कंपनीला कळलंय, कोणालातरी बोलावून दुरुस्त करून घेतलंय, आणि आपल्याला पत्ताच नाही. ती पळत दुसऱ्या कव्हराकडे गेली. तिथेही तेच. तिसऱ्याकडे गेली, आणि तिथे शिवणीच्या शेवटी तिला कान दिसला.

धान्याच्या पोत्याचं तोंड शिवताना लातूरच्या मोंढ्यातले हमाल दोन्ही टोकांना पोत्याचा कोपरा चिमटीत धरून त्याला दोऱ्याचे वेढे देतात. त्याला कान म्हणतात. पोतं उचलायला तो धरायचा. कॉम्प्रेसरच्या कव्हराला कान काढायचं काहीच कारण नव्हतं. पण ज्याचं सगळं तरुणपण मोंढ्यात बापाबरोबर पोती शिवण्यात गेलं, त्याचा हात शिवणीच्या टोकाला आला की कान काढल्याशिवाय थांबत नाही. इथल्या प्रत्येक शिवणीला दोन कान होते.

योगिनीने तोंडावर हात धरला. मग तिने दोरा बघितला. काळा, जाड, चकचकीत. तिच्याच गाळ्यातला. नायलॉन.

"कोण आहे तिकडे? इथे फॅमिलीला परवानगी नाही."

नीलिमा मॅडम होत्या. पैठणी नेसलेल्या, हातात झेंडूची माळ, यार्डातल्या क्रेनला घालायला आणलेली. जवळ आल्यावर त्यांनी ओळखलं. "योगिनी ना? गणराजच्या? काय झालं, रस्ता चुकलात का?"

रस्ता चुकले म्हणायची ती सोन्यासारखी संधी होती. योगिनीच्या जिभेवर ते शब्द आलेही होते. पण समोर ते वाकडे टाके होते, आणि ऊन होतं, आणि तो दोराही पुढच्या उन्हाळ्याआधी जाणार होता.

"नाही मॅडम. कव्हरं बघायला आले. माझी चूक झाली. मी दोरा चुकीचा घेतला, हा उन्हात टिकत नाही. मला पंधरवड्यापूर्वी कळलं आणि मी सांगितलं नाही."

मॅडमनी माळ खाली ठेवली. वाकून शिवण बघितली, नखाने खरवडली, दोन बोटांत चुरडून बघितली. बाई कामाला पक्क्या होत्या, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी कव्हराचा खालचा काठ वर करून आत हात घातला, पत्र्यावर फिरवला. हात कोरडा निघाला.

"पाणी गेलं नाही, नशीब. या हाताच्या शिवणीने धरलंय." त्या सरळ उभ्या राहिल्या. "पण ही कोणी घातली? मी तर कोणाला सांगितलं नव्हतं."

"मी," योगिनी म्हणाली.

"तुम्ही? आणि यार्डात आलात कशा? गेटवर तुमची नोंद नाही कुठे."

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी घातली, मॅडम."

गणराज दारात उभा होता. तिला शोधत आला होता. एका हातात पुरीभाजीचं कागदी ताट होतं, कपाळावर कुंकू होतं, आणि मॅडमच्या डोळ्यांत डोळे घालून तो बोलत होता. असं त्याला बोलताना योगिनीने आजवर बघितलं नव्हतं.

"श्रावणात वारा सुटला तेव्हा एक शिवण उघडली. मग मी बाकीच्यांना हात लावून बघितला. सगळ्या तशाच. जेवणाच्या सुट्टीत एकेक करून शिवून घेतल्या. हिला माहीत नाही. हिचं नाव खराब व्हायला नको म्हणून केलं."

मॅडमनी पुन्हा एकदा त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं. आत सनईची तीच तीच टेप वाजत होती.

"गणराज, डिस्पॅचच्या मालाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मान्य, तुमच्यामुळे माल वाचला. पण उद्या दुसरा कोणी मशीन उघडून बसेल आणि म्हणेल, मीही चांगल्यासाठीच केलं. मला हे वर कळवावं लागेल. यादीचं मी आता काही सांगू शकत नाही."

"व्हय, मॅडम."

"आणि योगिनी, योग्य दोरा आहे तुमच्याकडे? मग परवापासून एकेक कव्हर न्या आणि शिवून आणा. उघडा कॉम्प्रेसर आत घ्यायला मी सांगते." त्यांनी माळ उचलली, दोन पावलं गेल्या आणि मागे वळल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. पंधरवड्यापूर्वी सांगितलं असतं तर जास्त बरं झालं असतं."

त्या गेल्या. नवरा-बायको भर उन्हात एकमेकांसमोर उभे राहिले.

"गेलं तुमचं कायम," योगिनी म्हणाली. "तुमचं कायम व्हावं म्हणून मी जीव मुठीत धरून गप्प बसले. आणि तुम्ही इथे..."

"मला काय ठाऊक तुला कळलंय ते? मला वाटलं, तुला कळलं तर तू शिवणंच सोडशील."

"एका शब्दाने विचारायचं होतं."

"तूपण एका शब्दाने सांगायचं होतं," तो म्हणाला. मग जरा उजळून, शाबासकी हवी असलेल्या माणसासारखा, "पण माझी शिवण पक्की आहे का नाही? दोरा तुझ्याच गाळ्यातला घेतला. नीट ओढून बघितला, हत्ती बांधला तरी तुटायचा नाही."

योगिनीला हसावं की रडावं ते कळेना. "तोच तर आहे तो, अहो. तोच दोरा उन्हात मरतो."

गणराजने कव्हरांच्या ओळीकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुपारच्या सगळ्या सुट्ट्या त्या ओळीत होत्या. त्याचा चेहरा इतका पडला की योगिनीला त्याची फार, फार माया आली. अतिशहाण्यांची जोडी देवाने बरोब्बर जमवली होती.

आणि मग तिच्या डोक्यात दुसरंच काही आलं.

"सुट्टी अर्ध्या तासाची असते ना तुमची?"

"हो."

"मग तुम्ही जेवत कधी होतात?"

"डबा रिकामाच यायचा की घरी."

"मी डब्याचं विचारत नाही."

गणराजने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "लाईनवरचे खायचे. तुझ्या हातची भाकरी आवडती त्यांना."

श्रावण, भादवा, सगळं नवरात्र. रोज सकाळी ती भाकऱ्या थापून देत होती, आणि हा माणूस उपाशीपोटी उन्हात उभा राहून दाभण खुपसत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन "भाजी झकास होती" म्हणत होता.

योगिनी खाली बसली. नवी साडी, तापलेलं सिमेंट, कशाचाही विचार न करता कॉम्प्रेसरच्या सावलीत मांडी घालून बसली. "बसा," ती म्हणाली.

"अगं, आई एकटी आहे तिकडं. आणि इथं बसायला परवानगी..."

"बसा म्हणते ना."

तो बसला. तिने ताट त्याच्या हातातून घेऊन त्याच्यासमोर ठेवलं. त्याने पुरीचा घास मोडला आणि सवयीने तो आधी तिच्याकडे धरला. तिने मान हलवली.

"मला नको. तुम्ही खायचं. सगळं, माझ्यासमोर."

गणराज खायला लागला. त्याच्या प्रत्येक घासाकडे बघत ती तिथे बसून राहिली आणि रडत राहिली, आणि डोळे पुसायला तिने पदराला हात लावला नाही.